पार्श्वभूमी: डेव्हलपरांची अ‍ॅड-ऑन्स आणि फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीचा निर्णय

पानावर उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडले की जे पॅनेल उघडते, त्यातली बरीचशी हत्यारे आधी ब्राउझरला वरून जोडायची भर, म्हणजे अ‍ॅड-ऑन म्हणून आली आणि मग ब्राउझरमध्ये मुरली. आज कोणते अ‍ॅड-ऑन टिकले, कोणते गेले आणि का, हे समजायला हा प्रवास माहीत असावा लागतो.

आधी शब्दांचा एक गुंता. प्लगइन आणि एक्स्टेन्शन हे शब्द आजही सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण या दोन वेगळ्या जाती आहेत. प्लगइन नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातले. ब्राउझरला न समजणारा मजकूर, म्हणजे फ्लॅश किंवा जावा, पानात चालवणारा तो बाहेरचा प्रोग्रॅम. क्रोमने ती जुनी व्यवस्था २०१५ मध्ये काढली आणि २०२० अखेर फ्लॅशही संपले. एक्स्टेन्शन मात्र ब्राउझरच्या वागण्यातच भर घालते. फायरफॉक्सने एक्स्टेन्शन, थीम वगैरे सगळ्यांना मिळून ‘अ‍ॅड-ऑन’ म्हटले आणि घोळ वाढला. इथे विषय एक्स्टेन्शनचाच आहे.

२००३ मध्ये ‘वेब डेव्हलपर’ नावाचा टूलबार आला. सीएसएस (पानाचे रंगरूप ठरवणारा कोड) बंद करून पाहणे, प्रत्येक ब्लॉकभोवती रेघ काढणे, चित्र न दिसल्यास त्याजागी येणारा ऑल्ट मजकूर दाखवणे, खिडकी ठरावीक मापाची करणे अशी रोजची कामे त्यात एका क्लिकवर होती. पण काम करण्याची पद्धत खऱ्या अर्थाने बदलली ती जानेवारी २००६ मध्ये आलेल्या फायरबग या फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनने.

त्याआधी एखादा कॉलम खाली घसरला, तर संशयित डिव्हला (पानातल्या चौकटीला) लाल बॉर्डर द्यायची, फाइल सेव्ह करायची, एफटीपीने (फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) सर्व्हरवर चढवायची, रिफ्रेश करायचे. जावास्क्रिप्ट अडली की ओळीओळीत अलर्ट पेरायचे. इंटरनेट एक्सप्लोररच्या खालच्या पट्टीत पिवळा त्रिकोण दिसे आणि त्याने सांगितलेल्या ओळीवर बहुतेकदा चूक नसे. फायरबगमध्ये घटकावर बोट ठेवले की त्याचे मार्जिन, बॉर्डर, पॅडिंग चौकटीत चौकट असे आकड्यांसह दिसायचे. आकड्यावर क्लिक करून वरचा बाण दाबत राहिले की पान डोळ्यांसमोर एकेक पिक्सेल हलायचे. कन्सोलमध्ये (कोडचे संदेश दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये) संदेश छापण्याची सवयही त्यानेच रुजवली, इतकी की छापण्याची ओळ कोडमध्ये राहून गेली तर इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये पान डेव्हलपर टूल्स उघडी असताना नीट चाले आणि बंद असताना मोडे.

मग सगळ्याच ब्राउझरांनी हे आत घ्यायला सुरुवात केली. सफारीचा इन्स्पेक्टर २००६ चा, ऑपेराचे ड्रॅगनफ्लाय २००८ चे, इंटरनेट एक्सप्लोररचे एफ-१२ पॅनेल २००९ चे. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स सुरुवातीपासूनच होती, एक्स्टेन्शन्स २०१० च्या सुरुवातीला आली. पानाचा वेग तपासणारे वायस्लो २००७ मध्ये फायरबगवर स्वार होऊन आले होते. त्याच कामाचे लाइटहाऊस पुढे एक्स्टेन्शन म्हणून निघाले आणि २०१७ मध्ये क्रोमच्या आत गेले.

वाद पेटला तो ५७ व्या आवृत्तीवरून. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्स ५७ आले आणि झूल (XUL) या फायरफॉक्सच्या आतल्या जुन्या भाषेवर बांधलेली जुनी अ‍ॅड-ऑन्स एका अपडेटमध्ये बंद पडली. कारणे खोटी नव्हती. जुन्या अ‍ॅड-ऑनला आखून दिलेला एपीआय, म्हणजे ब्राउझरशी बोलण्याचा ठरलेला मार्ग, नव्हताच, ते थेट ब्राउझरच्या पोटात हात घाली. त्यामुळे आतला एक भाग हलवला की डझनभर अ‍ॅड-ऑन्स मोडत. ब्राउझर एकाहून जास्त प्रोसेसमध्ये विभागायचा होता, तिथे हे जमणार नव्हते. सुरक्षेचा मुद्दा तर होताच, कारण अशा अ‍ॅड-ऑनला जवळपास ब्राउझरइतकेच अधिकार असत.

निर्णयाची घोषणा ऑगस्ट २०१५ मध्ये झाली होती, म्हणजे सूचना सव्वादोन वर्षे आधी मिळाली. पण जिथे स्थलांतर करायचे ते वेबएक्स्टेन्शन्स या नव्या व्यवस्थेचे एपीआय या काळात तयार होतच होते. घर सोडा म्हटले आणि नव्या घराच्या भिंती अजून उभ्या राहत होत्या. माझ्या मते तक्रारीचा खरा भाग हाच आहे. एपीआय नाही म्हणून जे अ‍ॅड-ऑन मेले, ते लेखकांच्या आळसाने मेले नाही. फायरएफटीपी एका टॅबमध्ये पूर्ण एफटीपी क्लायंट देत असे. नव्या व्यवस्थेत सर्व्हरशी थेट सॉकेट (नेटवर्क जोडणी) जोडण्याची सोयच नव्हती, तिथे विषय संपला. वेब डेव्हलपर टूलबार वाचला, पण टूलबार म्हणून नाही. नव्या एपीआयमध्ये स्वतःची पट्टी लावता येत नाही, म्हणून तो एका बटणामागच्या छोट्या खिडकीत गेला. फायरबग तर त्याआधीच थांबले होते, त्याच्या खुणा फायरफॉक्सच्या स्वतःच्या टूल्समध्ये राहिल्या. उलट रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यू या जावास्क्रिप्ट लायब्ररींची टूल्स, किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी तपासणारी वेव्ह आणि अ‍ॅक्स, यांना ही चौकट पुरली.

सुरक्षेचे कारण किती वजनदार होते, हे त्याच वर्षी दिसले, तेही क्रोममध्ये. ऑगस्ट २०१७ मध्ये वेब डेव्हलपरच्या लेखकाचे खाते फसव्या ईमेलने हातातून गेले आणि पानांत जाहिराती घुसवणारी आवृत्ती दहा लाखांहून अधिक लोकांच्या ब्राउझरसाठी आपोआप अपडेट म्हणून निघाली. काही तासांत ती मागे घेतली गेली. ‘सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी आपण इन्स्टॉल करताना न वाचता देतो. तिचा अर्थ हा.

त्यानंतरचा वाद मॅनिफेस्ट व्ही३ चा, म्हणजे एक्स्टेन्शनला काय करता येईल हे ठरवणाऱ्या नियमांच्या तिसऱ्या आवृत्तीचा. क्रोमने त्याला जानेवारी २०२१ पासून जागा दिली. नेटवर्क विनंती मधेच अडवून बदलण्याऐवजी नियम आधी जाहीर करायचे, बाहेरून कोड आणून चालवायचा नाही आणि पार्श्वभूमीतले पान सतत जागे ठेवायचे नाही, असा त्याचा गाभा. चर्चा जाहिरात रोखणाऱ्या एक्स्टेन्शन्सचीच झाली, पण विनंतीचे हेडर (तिच्यासोबत जाणारी माहिती) बदलून चाचणी करणाऱ्या डेव्हलपर टूल्सनाही बरेच काही नव्याने लिहावे लागले. २०२५ मध्ये क्रोमने जुन्या मॅनिफेस्टची एक्स्टेन्शन्स बंद केली. फायरफॉक्सने मात्र विनंती अडवण्याची जुनी सोय व्ही३ मध्येही ठेवली आणि व्ही२ चालू ठेवले. २०१७ मध्ये ज्या ब्राउझरवर जुनी वाट बुजवल्याचा ठपका होता, जुनी वाट आता त्याच्याकडेच उघडी आहे.