नागपूरच्या आरोग्यातली भागीदारी: पैसे कशाचे मोजले गेले?

नागपुरात ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हा शब्द घराघरांत पोहोचला तो पाण्याच्या मीटरबरोबर. त्यामुळे हा शब्द आणि पाण्याचं बिल आजही जोडीनेच आठवतात. गोष्ट मात्र बरीच जुनी आहे.

१९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत उरकायचं, दवाखान्यात जाणं कमीपणाचं, असा तो काळ. कमलाताई स्वतः तरुण वयात विधवा झालेल्या, शुश्रूषेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. सीताबर्डीतून सुरू झालेलं त्यांचं काम विदर्भातल्या गावोगावच्या शाखांपर्यंत गेलं. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पैसा देणग्यांचा, पुढे सोबतीला सरकारी अनुदान. गांधीबाग भागातल्या डागा स्त्री रुग्णालयात नाव सावकार घराण्याचं आणि कारभार सरकारचा, ही त्याच काळातली दुसरी तऱ्हा. या जुन्या व्यवहारात दर बाळंतपणाला अमुक रुपये असा हिशेब नव्हता. बाई नडली की तिला दाखल करून घ्यायचं, एवढंच. देणगीचा ओघ आटला की संस्था अडचणीत, ही त्याची दुसरी बाजू.

करार आले ते या शतकात. शहरांच्या पायाभूत सुविधांसाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेत मोठं अनुदान होतं, पण त्यासोबत सुधारणांच्या अटीही होत्या. धरमपेठ झोनमध्ये आधी चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. मग वेओलिया आणि विश्वराज या खासगी कंपन्यांच्या ऑरेंज सिटी वॉटरने मार्च २०१२ पासून पूर्ण शहराचं पाणीवाटप २५ वर्षांसाठी हाती घेतलं. मालकी आणि दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेकडेच राहिला. भांडवली खर्चातला सुमारे ७० टक्के वाटा केंद्र-राज्याच्या अनुदानाचा, उरलेला कंपनीचा.

याचा आरोग्याशी संबंध काय? तो जमिनीखाली आहे. नळ दोनच तास येतो तेव्हा उरलेले बावीस तास नळी रिकामी असते. शेजारून नाली वाहत असेल आणि नळीला फट असेल, तर घाण पाणी आत शिरतं. त्यात कुणी टुल्लू पंप लावला की ते आणखी जोराने ओढलं जातं. पाणी सुटल्यावर पहिली गुंडभर घाण कुणाच्या तरी घरात जाते, आणि गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड तिथूनच सुरू होतात. नळीत सतत दाब असेल तर पाणी बाहेर गळेल, पण नाली आत येणार नाही. देशाला सांडपाणी-पाण्याचं शास्त्र शिकवणारी ‘नीरी’ ही राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, त्यामुळे हे इथे कुणाला नवीन नव्हतं. प्रश्न पैशाचा होता.

पैसा कसा मिळणार होता? कंपनीला बिल झालेल्या पाण्याच्या दर हजार लिटरमागे ठरलेली रक्कम. सुरुवातीला ७ रुपये ९० पैसे. शहरातल्या निम्म्याहून अधिक पाण्याचं तेव्हा बिलच होत नव्हतं. म्हणून गळती शोधणं, बेकायदा जोडण्या नियमित करणं, वस्त्यांतल्या सार्वजनिक नळांऐवजी घरोघरी मीटर बसवणं हे कंपनीच्याच फायद्याचं ठरलं. झोपडपट्टीतल्या बाईला दारात नळ मिळाला, हा त्यातला खरा आरोग्यलाभ, असं माझं मत. मात्र पाच वर्षांत शहरभर चोवीस तास पाणी हे उद्दिष्ट मुदतीत गाठलं गेलं नाही. आणि कराराच्या हिशेबात लिटर होते, कमी झालेले जुलाबाचे रुग्ण नव्हते.

कचऱ्यातही तेच. २००८ पासून घरोघरी कचरा उचलण्याचं काम खासगी हाती गेलं. नोव्हेंबर २०१९ पासून दहा झोन दोन कंपन्यांत वाटले गेले. मोबदला वजनावर. वजनावर पैसे मिळत असतील तर ओला-सुका वेगळा करायला कुणी काहून धडपडेल? आणि मोकळ्या प्लॉटवरचं टायर किंवा नारळाची करवंटी, जिथे डेंग्यूचा डास वाढतो, तिचं वजन ते किती!

विम्याच्या योजनेत मोजणी शस्त्रक्रियांची. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. तेव्हा पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर दीड लाखापर्यंतचे ९७१ उपचार मिळत. आज ती महात्मा फुले योजना आहे. खासगी रुग्णालयाचा दरवाजा गरिबाला उघडला, हे लहान काम नाही. पण ॲन्जिओप्लास्टीचे पैसे मिळतात, ती टाळावी म्हणून दर महिन्याला बीपी तपासण्याचे नाही.

ते काम शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राचं. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाने ५० हजार वस्तीमागे एक केंद्र हा निकष घातला. महापालिकेची अशी केंद्रं सुधारायला पुढे टाटा ट्रस्ट्स आले. इथे करारापेक्षा जुन्या देणगीची आठवण अधिक होते. इमारत नीटनेटकी, नोंदी संगणकावर. डॉक्टरचा पगार आणि रिकाम्या जागा मात्र सरकारी यंत्रणेच्याच माथी.

मोजणी बदलून पाहण्याचा एक प्रयत्न क्षयरोगात झाला. खासगी डॉक्टरने रुग्णाची नोंद सरकारला देणं २०१२ पासून बंधनकारक आहे. नुसत्या सक्तीने भागेना, तेव्हा पैसे दोन हप्त्यांत विभागले: नोंदीला ५०० रुपये आणि उपचाराचा शेवट काय झाला ते कळवल्यावर आणखी ५००. सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन रुग्ण बरा झाला की मध्येच गळाला, हे डॉक्टरला त्यामुळे विचारावं लागतं.

पाण्याचा करार २०३७ मध्ये संपतो.