चूक चारचौघांत सांगणारे: हॅकर परिषदांची पार्श्वभूमी

हॅकिंगच्या परिषदेला जातोय म्हटलं की सांगलीत घरचे आधी पोलिसांची आठवण काढतात. ही भीती समजून घ्यायची तर थेट १९८४ च्या हॅम्बुर्गपर्यंत मागं जावं लागतं.

पडद्यावर माहितीची पानं दाखवणारी जर्मन टपाल खात्याची बीटीएक्स नावाची सेवा तेव्हा फोनच्या तारेवरून चाले. ती सुरक्षित असल्याची ग्वाही खातं देत होतं. केऑस कॉम्प्युटर क्लब या जर्मन हॅकरांच्या संघटनेच्या वाउ हॉलंड आणि श्टेफेन वेर्नेरी यांनी तिथल्या बचत बँकेच्या नावानं क्लबचं सशुल्क पान रात्रभर पुन्हापुन्हा उघडलं. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे १ लाख ३५ हजार मार्कांचं बिल चढलं. दोघांनी पत्रकारांना सगळं उघड सांगितलं आणि पैसे परत केले. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं. त्याच डिसेंबरात क्लबची पहिली परिषद भरली. अमेरिकेत जेफ मॉस यांनी १९९३ मध्ये लास व्हेगासला डेफकॉन ही हॅकर परिषद सुरू केली.

बोलण्याची किंमतही मोजावी लागली. दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरनं २००१ च्या डेफकॉनमध्ये ई-पुस्तकांच्या कुलुपातले दोष दाखवले आणि परतीच्या वाटेवर त्याला अटक झाली. आपल्याकडे २०१० मध्ये मतदान यंत्रातल्या त्रुटी दाखवणाऱ्या हरी प्रसाद यांना यंत्र चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांच्या चमूचा शोधनिबंध पुढं आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला गेला.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ चा मथळाच हॅकिंगचा होता. २००८ च्या दुरुस्तीत तो शब्द गेला, पण मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणं कलम ४३ खाली आजही बसतं. हेतू चांगला असला तरी परवानगी लागतेच, हे पोरांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

अशा वातावरणात पुण्यात २००७ मध्ये क्लबहॅक आणि गोव्यात २०१० मध्ये नलकॉन या हॅकर परिषदा सुरू झाल्या. सांगली-साताऱ्याहून दोन्ही गावं एसटीच्या टप्प्यात.

अशा परिषदांतली व्याख्यानं आपल्या भागाला किती जवळची आहेत, ते ऑगस्ट २०१८ मध्ये कळलं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटी रुपये गेले. खात्यात शिल्लक आहे का, याची चौकशी बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचण्याआधीच वाटेत अडवून खोटे होकार दिले जात होते. एटीएममधून पैसे निघाले त्यांत परदेशाबरोबर आपलं शेजारचं कोल्हापूरही होतं. त्याच्या आठ वर्षं आधी सुरक्षा संशोधक बार्नबी जॅक यांनी ब्लॅक हॅट परिषदेच्या मंचावर एटीएममधून नोटा बाहेर काढून दाखवल्या होत्या. तंत्र वेगळं होतं, पण एटीएमवर आंधळा विश्वास नको हे तेव्हाच भर सभेत सांगून झालं होतं.

कॉसमॉसच्या घटनेनंतर, २०१८ च्याच ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळं गल्लोगल्लीच्या पतसंस्थांना ती लागू नाही. तिथं एखाद्या पोराला दोष दिसला, तर तो सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवता येतो.