घडी उचलून बघा : कुत्रीच्या शूच्या जागेची निगा

ग्रूमिंगला आलेली लॅब्रेडॉर टेबलावर उभी केली, की कान आणि नखांच्या आधी आम्ही तिची शेपटी बाजूला करतो. शूच्या जागेवर कातडीची जाड घडी असते. ती दोन बोटांनी हळूच वर केली, की बऱ्याचदा आत लालभडक कातडी दिसते, तपकिरी चिकट थर साचलेला असतो आणि न वाळलेल्या फडक्यासारखा कुबट वास येतो. घरच्यांना याचा पत्ताच नसतो. "हल्ली सारखी चाटते खरी," एवढंच ते सांगतात. म्हणून हे पत्रक.

काही कुत्र्यांची ही जागा जन्मतःच थोडी आत दबलेली असते. त्यात वजन वाढलं की भोवतीच्या चरबीने घडी आणखी खोल होते. शूचे थेंब आत अडकतात, वारा लागत नाही, कातडी कातडीला घासते आणि पावसाळ्यात तर काही वाळतच नाही. अंगावर एरवीही थोडेफार असणारे जंतू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी) अशा ओलीत फोफावतात. खाज सुटली की ती चाटते आणि लाळेने ओल वाढतच जाते. फिकट रंगाच्या कुत्रीचे तिथले केस तांबूस झाले असतील, तर ती बरेच दिवस चाटते आहे असं समजा. तो डाग लाळेचा असतो.

पण मूळ दुखणं नेहमी तिथलंच असतं असं नाही. पंजे, काखा, कानही खाजवत असेल तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा. शेपटीच्या मुळाशी चावे घेत असेल तर पिसवा शोधा. पुन्हा पुन्हा बसून थेंब-थेंब शू करत असेल, शूत रक्त दिसत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. आणि नसबंदी झालेली कुत्री, विशेषतः मोठ्या जातीची, झोपेत अंथरूण ओलं करत असेल तर कृपा करून तिला रागावू नका. ते तिला कळतही नाही. त्यावर गोळ्या आहेत आणि बहुतेकींना त्यांचा चांगला उपयोग होतो.

घरी काय करायचं? कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने घडीच्या आतून पुसा, चोळू नका. मग दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. हे टिपणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण अर्धवट ओलं राहिलं तर पुसण्याचा काही उपयोग नाही. डॉक्टरांनी सांगितले तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे वाइप्स वापरा. चाटणं थांबेपर्यंत गळ्यात मोठी प्लास्टिकची कॉलर राहू द्या. ती केविलवाणी दिसते म्हणून काढू नका.

डेटॉल नको, पाण्यात मिसळूनही नको. टाल्कम पावडरीचे ओलीत गोळे होतात. हळद-खोबरेल आपण प्रेमाने लावतो, पण तेलाने घडीतली ओल कोंडते. घरातली माणसांची क्रीम तर अजिबात नकोत. लावलेलं सगळं ती चाटून पोटात घेते आणि काही क्रीममधलं झिंक किंवा स्टेरॉइड तिला बाधतं.

केस कापण्याबद्दल आमची चूक सांगतो. एका पूडलचे तिथले केस आम्ही मशीनने अगदी कातडीलगत काढले. दिसायला स्वच्छ झालं, पण खुंट टोचून दुसऱ्याच दिवशी तिने चाटून चाटून जागा सोलून काढली. तेव्हापासून आम्ही तिथले केस आखूड करतो, तासत नाही.

हीटवर, म्हणजे माजावर, आलेल्या कुत्रीची ती जागा सुजते आणि दोन-तीन आठवडे कमी-जास्त स्राव होतो. हे स्वाभाविक आहे. पहिली हीट यायच्या आधी पिल्लांना पिवळट-पांढरा चिकट स्राव होऊ शकतो. पिल्लू खेळतं-खातं असेल तर तो बहुधा आपोआप जातो, तरी एकदा दाखवून घ्या.

हीट संपल्यावर साधारण दोन महिन्यांच्या आत ती मलूल झाली, खूप पाणी पिऊ लागली, उलट्या झाल्या किंवा पू येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि काही वेळा बाहेर एक थेंबही दिसत नाही. उशीर झाला तर जीव जातो. तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी रक्ताळलेली गाठ दिसली तरी थांबू नका. मिलनातून किंवा हुंगण्या-चाटण्यातून पसरणारा ट्यूमर भटक्या कुत्र्यांत बराच आढळतो. दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

डॉक्टर काचपट्टीवर नमुना घेऊन जंतू आहेत की यीस्ट ते बघतील. गरज पडली तर सुईने थेट मूत्राशयातून शू काढतील, कारण खाली धरलेल्या शूत बाहेरचे जंतू मिसळतात. अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण करा, लाली गेली म्हणून मध्येच सोडू नका. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या त्रासात घडी काढून टाकायची शस्त्रक्रिया करतात. वजन जास्त असेल तर आधी ते उतरवा. पोळी-बिस्किटं बंद केल्यावर हा त्रास निम्म्याने कमी झालेल्या कुत्र्या आमच्याकडे येतात.

पुढच्या वेळी तिला आणाल तेव्हा हीटची शेवटची तारीख आठवून या. कातडी सोललेली दिसली तर आम्ही शाम्पू लावणार नाही. जागेचा फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवू, तो डॉक्टरांना दाखवा.