टू-रेल ओ स्केलला हॉलच लागतो?

मॉडेल रेल्वेच्या छंदात ओ स्केल म्हणजे खऱ्याच्या 1:48 आकाराच्या गाड्या आणि टू-रेल म्हणजे खऱ्यासारखे दोनच रूळ. ‘ओ स्केल टू-रेलवर न्यायचं तर हॉल हवा, फ्लॅटच्या खोलीत जमत नाही’, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय.

त्यात तथ्य आहे, पण ते वळणापुरतं. थ्री-रेलच्या (मध्ये विजेसाठी तिसरा रूळ असलेल्या) वळणाचा आकडा व्यासाचा असतो, 27 किंवा 31 इंच. टू-रेलचा आकडा त्रिज्येचा. म्हणजे 36 इंची वळणाचं पूर्ण वर्तुळ सहा फुटांचं होतं आणि त्यावरही छोटीच इंजिनं नीट चालतात. लांब डब्यांना याहून मोठं वळण लागतं, तेव्हा हॉल आठवणं साहजिक आहे.

पण गाडी गोल फिरलीच पाहिजे असं कुठे आहे? भिंतीलगत फूट-दीड फूट रुंद फळी, तीन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा), चार चाकांचं इंजिन आणि मोजके वॅगन, एवढ्यात मालधक्क्याचं शंटिंग उभं राहतं. मला तर खरी मजा त्यातच वाटते.

स्वतः ताडून पाहा. 1:48 प्रमाणात 40 फुटी वॅगन 10 इंचांचा होतो. कोथरूडच्या फ्लॅटमधली दहा फुटी भिंत 120 इंचांची. जुनी वर्तमानपत्रं अंथरून त्यावर खडूने रूळ आखा, सांध्यापुढे इंजिन आणि एक वॅगन मावेल एवढी जागा सोडा.