आरन ऑस्बोर्नची विधवा

अमेरिकेतल्या जुन्या ख्रिस्ती घरांत बायबल हे नुसतं वाचायचं पुस्तक नव्हतं. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथल्या कोऱ्या पानांवर घरातली लग्नं, जन्म, मृत्यू टाकाने लिहून ठेवायचे. असं पान फाडून सरकारकडे पाठवायचं म्हणजे जिवावर येणारं काम. तरी १८३६ नंतर, स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळू लागल्यावर, कित्येक म्हाताऱ्या बायकांनी ती पुराव्यासाठी फाडली, आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती आजही पेन्शनच्या फायलींत लावलेली सापडतात. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घरांतून तर पक्षी-फुलं रंगवलेले जन्मदाखलेही आले.

इंग्रजांविरुद्धचं हे स्वातंत्र्ययुद्ध १७८३ मध्ये संपलं. युद्धात मेलेल्या अधिकाऱ्यांच्या विधवांना सात वर्षं अर्धा पगार देण्याचा ठराव काँग्रेसने, म्हणजे तिथल्या प्रतिनिधिसभेने, १७८० मध्येच केला होता, पण साध्या शिपायाच्या बायकोचा त्यात विचार नव्हता. १८१८ मध्ये गरजू माजी सैनिकांना पेन्शन सुरू झालं, १८३२ मध्ये गरजेची अट गेली. विधवांची पाळी आली ४ जुलै १८३६ च्या कायद्याने. अट अशी की नवऱ्याची लष्करातली नोकरी संपायच्या आत लग्न झालेलं असलं पाहिजे. म्हणजे सत्तरी-ऐंशीच्या बाईने पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लग्नाची तारीख शाबीत करायची! ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या गावांत दप्तर नीट ठेवलेलं असे. सरहद्दीकडच्या वस्त्यांत ज्याने लग्न लावलं त्याच्या वहीवरच सगळी भिस्त. सैन्याचे कागद तपासावेत, तर युद्ध खात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० रोजी आग लागून बरंच दप्तर जळालेलं. मग उरलं काय? बायबलचं पान, थोरल्या मुलाची जन्मतारीख, लग्न आठवणारी एखादी शेजारीण, आणि कोर्टापुढे शपथेवर दिलेली जबानी.

या जबान्यांना मी मनात ‘कैफियत’ म्हणतो. आपल्या दप्तरांतल्या कैफियतींसारखंच त्यांचं आहे. मागणी असते पैशाची किंवा हक्काची, पण सांगता सांगता अख्खं घर कागदावर येतं.

अशीच एक कैफियत नोव्हेंबर १८३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वेन काउंटीत नोंदवली गेली. सांगणारी सारा बेंजामिन, वय तिच्या सांगण्यानुसार एक्क्याऐंशी. मूळ न्यूयॉर्कच्या ऑरेंज काउंटीतली. ऑल्बनीत जॉन विलिस नावाच्या लोहाराच्या घरी ती राहत होती, तिथे आरन ऑस्बोर्नशी गाठ पडली. तोही लोहारच. जानेवारी १७८० मध्ये लग्न झालं, आणि मग त्याने सांगितलं की आपण युद्ध संपेपर्यंत फौजेत भरती आहोत, तूही चल. ही तयार नव्हती. बसायला गाडी किंवा घोडा मिळेल, नवऱ्याला रसदीच्या पहाऱ्यावर ठेवू, असं कॅप्टन ग्रेगने कबूल केलं तेव्हा निघाली.

हा ग्रेग मोठा विलक्षण माणूस. फोर्ट स्टॅनविक्स या किल्ल्यापाशी पारव्यांच्या शिकारीला गेला असताना त्याच्यावर हल्ला होऊन डोक्याची कातडी सोलली गेली होती. जगला, पण मधूनमधून भ्रमिष्टासारखा होई आणि टाळू दाखवत विचारी, “सारा, माझी कातडी कुठे सोलली ते पाहिलंस का?” लग्नाच्या तारखेशी याचा काडीचा संबंध नाही. कारकुनाने तरीही ते लिहून घेतलं, हे आपलं नशीब.

फौज दक्षिणेला निघाली. फिलाडेल्फियात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या बायकांनी साराला राहून जा म्हटलं. नवरा म्हणाला, नाही, हिला मी मागे ठेवू शकत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा.) यॉर्कटाउनला इंग्रजांच्या फौजेला वेढा पडला होता. तिथे तंबूंच्या मागे ती कपडे धुवायची, ठिगळं लावायची, आणि मांस, पाव, किटलीभर कॉफी घेऊन थेट खंदकात जायची. तिथे जनरल वॉशिंग्टनने विचारलं, तोफगोळ्यांची भीती नाही वाटत? ती म्हणाली, माणसांनी लढायचंही आणि उपाशीही मरायचं, हे चालायचं नाही. इंग्रजांच्या छावणीभोवती पडलेली काळ्या माणसांची प्रेतंही तिने पाहिली. इंग्रजांनी त्यांना शहराबाहेर हाकलून उपाशी मारलं, असं तिच्या कानावर आलं होतं. शरण येणाऱ्या फौजेच्या ढोलांवर काळे रुमाल होते, पाव्यांना काळ्या फिती, आणि एका लठ्ठशा इंग्रज जनरलच्या गालांवरून आसवं ओघळत होती.

इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस त्या दिवशी आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, त्याने हाताखालच्या जनरल ओहाराला पाठवलं. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये हरिपंत फडके यांच्या मराठी फौजेसह टिपूच्या श्रीरंगपट्टणापुढे उभा होता. जग तेव्हाही लहानच होतं म्हणायचं.

युद्ध संपलं, ऑस्बोर्न फौजेतून मोकळा झाला, जोडपं न्यू विंडसरला राहिलं. फीबी आणि धाकटा आरन ही दोन मुलं. धाकटा तीन महिन्यांचा असताना नवरा घर सोडून गेला. त्याआधीही तो अधूनमधून नाहीसा व्हायचा. न्यूबर्गच्या वर पंधरा-सोळा मैलांवर त्याने पॉली स्लोट नावाच्या मुलीशी लग्न केल्याचं कानावर येताच साराने एक घोडा मिळवला आणि सरळ त्या मुलीच्या बापाचं घर गाठलं. नवरा तिथेच होता, पॉली होती, तिचे आईबापही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. घरच्यांनी नीट वागवलं, ती रात्रभर राहिली, गोष्ट खरी असल्याची खात्री करून घेतली आणि या माणसाचं नाव टाकून परतली. दोन आठवड्यांनी तो आला. तुला नि मुलांना उत्तरेकडे नेतो म्हणाला. ही म्हणाली, नको. त्याच रात्री तो नदी ओलांडून पसार झाला, तो पुन्हा दिसलाच नाही.

पुढे तिने जॉन बेंजामिनशी संसार केला. जबानीच्या सुमारे दहा वर्षांआधी तोही वारला. पुन्हा लग्न केलेल्या बाईला पहिल्या नवऱ्याच्या नोकरीवर हक्क सांगता येईल का, हा प्रश्न ३ मार्च १८३७ च्या दुरुस्तीने सुटला: दुसरा नवराही वारलेला असेल, तर येईल. म्हणून त्याच वर्षी सारा कोर्टापुढे उभी राहिली. तिच्या आयुष्यातला मोठा संसार बेंजामिनबरोबरचा, पण कायद्याला हवी होती आरन ऑस्बोर्नची विधवा. ज्याला तिने कायमचं सोडलं, त्याच्याशी झालेलं लग्न तिला शपथेवर शाबीत करावं लागलं. माझ्या मते तिने पॉलीची हकीकत एवढी सविस्तर सांगितली ती मनातली सल म्हणून नव्हे. पहिली बायको कोण, हे कागदावर पक्कं व्हायला हवं होतं. पेन्शन मंजूर झालं.

लग्नाची अट पुढे सैल होत गेली. आधी १७९४ पूर्वीचं लग्न चालू लागलं, मग १८०० पूर्वीचं, आणि १८५३ मध्ये तारीखच उठवली. त्यामुळे १८३५ मध्ये एकविसाव्या वर्षी पंचाहत्तरीच्या नोआ डेमनशी लग्न केलेली व्हर्मॉंटची एस्थर डेमन ही त्या युद्धाची शेवटची पेन्शनर विधवा ठरली. ती गेली १९०६ मध्ये. या सगळ्या फायली मिळून अंदाजे ८०,००० आहेत. मायक्रोफिल्मची २,६७० रिळं भरली. वंशावळ शोधणारे अमेरिकन आजही त्या चाळतात.

मात्र ज्यांच्या लग्नाला कायदा लग्नच मानत नव्हता त्या गुलाम बायकांनी कोणती तारीख शाबीत करायची? पुरुषांचीही तीच गत. जेहू ग्रँट मालकाकडून पळून फौजेत दाखल झाला होता. १८३० च्या दशकात त्याचा अर्ज फेटाळला गेला, कारण नोकरी केली तेव्हा तो पळालेला गुलाम होता. साराच्या जबानीत यॉर्कटाउनच्या वाटेवरच्या सोबतिणींची नावं येतात. दोघींची ओळख नवऱ्यांवरून आहे, एक लेफ्टनंटची बायको आणि एक सार्जंटची. तिसरी कृष्णवर्णीय. तिच्यापुढे ना नवऱ्याचं नाव, ना हुद्दा. नुसतं लेटा.