हात हलवायचा गेम वेगळा, घरच्यांचा गेम वेगळा

चवथीला आमच्या फोंड्याच्या मूळ घरात सगळं कुटुंब जमतं. एका वर्षी बोटीवर नोकरीला असलेल्या मामेभावाने निन्टेन्डोचा वी आणला, टीव्हीला जोडून रिमोट हलवत खेळायचा गेम कन्सोल. आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला आणि गणपतीच्याच खोलीत टेनिस सुरू झालं. काकी पदर खोचून रिमोट असा फिरवत होती की गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या नारळांना धोका वाटावा. पीसीवर रात्र रात्र गोळीबार करणारा आमचा चुलतभाऊ कोपऱ्यातून पुटपुटला, "काकी जिंकते, हा कसला रे गेम?"

जगभरच्या गेमरांनी तेव्हा हेच म्हटलं. त्या कुरकुरीत दोन तक्रारी एकत्र कालवल्या होत्या. हात हलवून खेळणं ही झाली खेळायची रीत. फॅमिली गेम म्हणजे तो कुणासाठी केलाय ते. २००६ मध्ये वी आला तेव्हा अमेरिका-युरोपात खोक्यातच वी स्पोर्ट्स हा गेम मिळायचा. त्यात दोन्ही होतं, म्हणून लोकांनी दोन्ही एकच मानलं.

रीतीबद्दलची तक्रार मला पटते. मूळ रिमोटमधला ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचालीचा वेग कसा बदलतो ते टिपणारा सेन्सर, हिसका ओळखतो, पण हात नेमका कसा वळला ते त्याला धड कळत नाही. त्यामुळे काकीचा जीव तोडून मारलेला फटका आणि भाच्याने खुर्चीत बसून दिलेला मनगटाचा झटका, दोन्ही सारखेच. २००९ मध्ये मोशनप्लस नावाचा जायरोस्कोपचा, म्हणजे वळणं टिपणारा, जोड आला, मग जरा सुधारलं. पडद्यावर नेम धरायची सोय मात्र निराळी. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात खरं, पण ती काहीच टिपत नाही. तिच्या दोन टोकांचा इन्फ्रारेड प्रकाश रिमोटमधला कॅमेरा बघतो. दोन मेणबत्त्यांवरही काम भागतं. आमच्याकडे मखरापुढच्या समयांमुळे पडद्यावरचा हात थयथय नाचायला लागला. समई कोण हलवणार? टीव्ही हलवला.

२००७ मध्ये रेसिडेंट ईव्हिल ४ वीवर आला. रक्तपात भरपूर, काकीला दाखवायची सोय नाही. पण रिमोटने नेम धरणं गेमरांना चक्क आवडलं. उलट २०१०चा डाँकी काँग कंट्री रिटर्न्स हा माकडाचा गेम. दिसायला पोरांचा, खेळायला भयंकर कठीण, आणि साधी कोलांटी मारायलाही रिमोट हलवावा लागे. तिथे राग आला तो हलवण्याचा, माकडाचा नव्हे.

राहिली 'पोरखेळ' ही तक्रार. ती बरीचशी रुसवा होती, आपल्या अंगणात पाहुणे शिरल्याचा. मात्र किरकोळ मिनीगेमांचे ढीग दुकानांत आले हेही खोटं नाही. कायनेक्ट, म्हणजे अंगाची हालचाल टिपणारा एक्सबॉक्सचा कॅमेरा, त्याच्यावरचा राग तर तिसराच. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसोबत तो घ्यावाच लागे आणि किंमत प्लेस्टेशन ४ पेक्षा १०० डॉलर जास्त. पुढच्या वर्षी तो वगळून कन्सोल विकायला लागले.

चुलतभाऊ आता निन्टेन्डोच्याच स्विच या कन्सोलवर स्प्लॅटून खेळतो. रंगांच्या पिचकाऱ्या, लहान मुलांनाही चालेल असा. नेम साधताना कंट्रोलर हळूच तिरपा करतो. मी बघून हसलो तर म्हणाला, "हे वेगळं."


काकी अजून टेनिसच मागते.