वापरावर आधारित घाऊक इंटरनेट दर (कॅनडा)

मोठ्या कंपनीने घरापर्यंत टाकलेली लाइन छोटी कंपनी भाड्याने घेते आणि आपल्या नावाने ग्राहकाला इंटरनेट विकते, हे झालं घाऊक इंटरनेट. हे भाडं जेव्हा त्या ग्राहकाने किती जीबी वापरले यावर लावतात तेव्हा त्याला वापरावर आधारित घाऊक दर म्हणतात. कॅनडात याचं रूढ नाव युसेज-बेस्ड बिलिंग, थोडक्यात यूबीबी, आणि २०११ च्या सुरुवातीला त्यावरून तिथे चांगलंच रण पेटलं होतं.

तिथल्या घराघरात जाणाऱ्या वायरी बहुतेक करून बेल, टेलससारख्या टेलिफोन कंपन्यांच्या नाहीतर रॉजर्स, व्हिडिओट्रॉनसारख्या केबल कंपन्यांच्या. प्रत्येकाने नव्याने रस्ते खणून वायर टाकायची म्हटलं तर कुणालाच परवडणार नाही, म्हणून सीआरटीसी ही नियामक संस्था या कंपन्यांना ठरवून दिलेल्या दरात नेटवर्क भाड्याने द्यायला लावते. पण खरी गोम अशी की जो घाऊक माल पुरवतो तोच किरकोळ बाजारात समोर उभा असतो.

छोट्या कंपन्यांचं गिऱ्हाईक जमायचं ते मोठ्या डेटा लिमिटवर किंवा अनलिमिटेड प्लॅनवर. बेलचं म्हणणं पडलं की थोडे लोक भरमसाट वापरून नेटवर्क तुंबवतात, आमच्या ग्राहकांना लिमिट आणि वरच्या जीबीचे जादा पैसे आहेत तर यांच्या ग्राहकांनाही तेच लावा. सीआरटीसीने २०१० मध्ये हे तत्त्व मान्य केलं आणि २५ जानेवारी २०११ ला ठरवलं की हा घाऊक दर बेलच्या किरकोळ दरापेक्षा १५ टक्के कमी असेल. म्हणजे छोट्या कंपनीच्या हातात राहिलं काय? टेकसॅव्ही या अशाच एका छोट्या कंपनीने ऑन्टारियो प्रांतातल्या ग्राहकांना कळवलं की १ मार्चपासून २०० जीबीची लिमिट २५ जीबीवर येणार. मोठ्याचाच प्लॅन छोट्याच्या नावाने विकायचा, याला स्पर्धा म्हणताच येत नाही.

शिवाय जीबी मोजणं हेच मुळात चुकीचं माप आहे. नेटवर्क बांधायचा खर्च ठरतो तो सगळे एकदम ऑनलाइन असतात तेव्हाच्या गर्दीवर, म्हणजे कुणी पहाटे ३ वाजता ५० जीबी उतरवले तर त्या वेळी लाइन रिकामीच असते, कुणाला धक्काही लागत नाही, आणि रात्री ८ ला व्हिडिओ बघणारा महिन्याकाठी कमी जीबी वापरूनही गर्दीत भर घालतो, तरी यूबीबीत जादा बिल येणार पहिल्यालाच.

ओपनमीडिया या इंटरनेट हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या विरोध अर्जावर सुमारे ५ लाख सह्या झाल्या, उद्योगमंत्री टोनी क्लेमेंट यांनी निर्णय बदलला नाही तर सरकार तो रद्द करेल असं सांगितलं, मग सीआरटीसीने अंमलबजावणी थांबवून फेरविचार केला. १५ नोव्हेंबर २०११ च्या निर्णयात दोनच रस्ते ठेवले, एकतर प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ठरलेला दर, नाहीतर क्षमतेवर आधारित दर.

या दुसऱ्या पद्धतीत छोटी कंपनी १०० एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे एका वेळी किती डेटा जाऊ शकतो त्याचं माप) पटीत क्षमता घेते आणि ती आपल्या सगळ्या ग्राहकांत वाटते. अंदाज तिचा तिने करायचा, कमी घेतली तर संध्याकाळी सगळ्यांचं नेट रांगतं, जास्त घेतली तर पैसे नुसते पडून राहतात. पण प्लॅन कसा बांधायचा, लिमिट ठेवायची की नाही, हे पुन्हा तिच्या हातात आलं, आणि माझ्या मते या सगळ्या भांडणातून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

दराचा आकडा किती हा वाद मात्र चालूच राहिला. २०१९ मध्ये सीआरटीसीने घाऊक दर बरेच खाली आणले, मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध लढल्या, आणि मे २०२१ मध्ये सीआरटीसीने स्वतःचाच निर्णय फिरवून २०१६ चे तात्पुरते दर जवळपास तसेच कायम केले. नंतर २०२२ मध्ये ईबॉक्स आणि डिस्ट्रिब्युटेल या स्वतंत्र कंपन्या बेलने विकत घेतल्या, आणि व्हीमीडिया व्हिडिओट्रॉनकडे गेली.